सगळी कोळंबी तिवरांत वाढत नाही

कोळंबीची पिल्लं तिवरांत वाढतात, मग समुद्रगवताचं (उथळ समुद्राच्या तळावर उगवणाऱ्या गवताचं) एवढं कौतुक कशाला, असं काही जण म्हणतात. आपल्या कोकणातल्या खाड्या बघून असं वाटणं साहजिक आहे आणि बनाना प्रॉन या कोळंबीपुरतं ते बरोबरही आहे, पण टायगर प्रॉन या दुसऱ्या कोळंबीच्या काही जातींचं तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाच्या आखातात दोन्ही प्रकार मिळतात, तिथे बनानाची पिल्लं तिवरांच्या चिखलात आणि ब्राऊन टायगर या टायगरच्या जातीची मात्र उथळ पाण्यातल्या समुद्रगवतात. अंडी बाहेर खोल पाण्यात, तिथून भरतीबरोबर वाहत आलेलं काही मिलीमीटरचं पिल्लू गवतात उतरतं, अगदी लहान असताना पात्यालाच चिकटून बसतं आणि जरा मोठं झालं की दिवसा वाळूत पुरून घेतं, रात्री चरायला बाहेर. त्यामुळे दिवसा जाळं मारून 'इथे काही नाही' म्हणणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही.

आणि गवत गेलं तर काय होतं याचं उदाहरण तिथलंच आहे. मार्च 1985 मध्ये सँडी चक्रीवादळाने आखाताच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं गवत उपटून नेलं, अख्ख्या आखातातल्या गवताच्या सुमारे 20 टक्के पट्ट्याला फटका बसला. नंतर त्या उघड्या पडलेल्या तळावर टायगरची पिल्लं जवळपास दिसेनाशी झाली, बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांची टायगरची पकडही घसरली, आणि गवत परत धरायला जवळजवळ दहा वर्षं गेली. तिकडे किनाऱ्यालगतच्या गवताच्या पट्ट्यांत ट्रॉलिंगला बंदी आहे, ती याच पिल्लांसाठी.