मदत हवी आहे : निकालपत्र साहित्य म्हणून कसं वाचायचं?

एलएलएमच्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी ‘कायदा आणि साहित्य’ घेतलंय. साहित्यातला कायदा कळतो. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातल्या सावकार शायलॉकच्या करारात मांस कापून घेण्याची अट आहे, रक्ताची नाही, एवढ्यावर खटला फिरतो. अडलंय ते कायद्यालाच साहित्य मानण्यापाशी. अमेरिकी कायदेअभ्यासक जेम्स बॉइड व्हाइट यांनी १९७३ मध्ये ही वाट दाखवली, अमेरिकी न्यायाधीश रिचर्ड पोझनर यांनी १९८८ च्या पुस्तकात तिच्या मर्यादा दाखवल्या. तिथलेच कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट कव्हर यांचा मुद्दा तर डोक्यातून जातच नाही: न्यायाधीशाने लावलेल्या अर्थापायी माणूस तुरुंगात जातो. ‘आरोपीस दोषी ठरवण्यात येत आहे.’ या वाक्यात ठरवणारा कुठेच दिसत नाही! अशी वाक्यरचना, निवेदन तपासताना त्यामागची शिक्षा नजरेआड होऊ नये, तर कोणती पद्धत वापरू? कुणी निकालपत्रांवर असं काम केलं असेल तर सुरुवात कुठून केलीत, ते कृपया सांगा.