दरवर्षी आमचा डोंगर पेटतो, कसा थांबवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी येरमाळ्याजवळच्या एका लहान गावचा.

आमचा डोंगर काही मोठा नाही, म्हातारं माणूसही अर्ध्या तासात माथ्यावर पोचतं. पण बालाघाटचा कणा इथूनच जातो. माथ्यावरच्या म्हसोबापाशी पडलेला पाऊस एका अंगानं मांजरेकडं, म्हणजे गोदावरीला जातो आणि दुसऱ्या अंगानं सीनेतून भीमेला. पायथ्याच्या तीन गावांच्या विहिरी या डोंगराच्या जिवावर आहेत.

दरवर्षी माघ-फाल्गुनात तो पेटतो. सकाळी वर जावं तर पायाखाली नुसती राख. आम्ही पोरांनी लावलेली आपट्याची, बोरीची रोपं दोनदा जळाली. मग वळवाचा पहिला पाऊस उघड्या मुरमावर आदळतो आणि उरलीसुरली माती ओढ्यानं पाझर तलावात जाऊन बसते. १९७२ च्या दुष्काळी कामावर वडलांनी इथंच बांध घातले होते, ते आता गाळानं भरलेत.

कुणाला नावं ठेवायला मी आलो नाही. मेंढरं राखणाऱ्यांजवळ बसून मी त्यांचं ऐकलंय. कुसळी गवत वाळलं की त्याची टोकदार कुसळं लोकरीत शिरतात, कातड्यात रुततात, शेरडांच्या तोंडाला जखमा होतात. जाळलं की कुसळ जातं आणि खालून कोवळा फुटवा येतो. त्यांचं दुखणं खरं आहे. पण जाळलेल्या अंगाला दरसाल कुसळीच माजते, हेही मी डोळ्यांनी बघतोय. पवन्या आणि मारवेल हे चांगलं गवत, ज्याला जनावर आधी तोंड लावतं, ते म्हसोबामागच्या खडकाळीत तेवढं उरलंय, कारण आग तिथं पोचत नाही.

सातबारा काढला, जमीन गायरान आहे. वनजमीन असती तर वनखात्याच्या १९२६ वर फोन केला असता. इथं काय करावं? तिन्ही गावं एकमेकांकडं बोट दाखवतात. कुणी आपल्या गावात वणवा थांबवला असेल तर सुरुवात कशी केली, तेवढं सांगा. आत्ता गवत गुडघ्याच्या वर आहे, कुसळ अजून धरलेलं नाही.

प्रतिसाद:
दादा, मी पाटोद्याकडचा, नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूचा. कुसळ धरायच्या आत गवत कापा, हाच उपाय. फुलोऱ्यातली कुसळी जनावर खातं. कापणीत मेंढरंवाल्यांना वाटा आधी द्या, बैठक नंतर. पोटाची सोय झाली तर काडी कोण लावेल? हिवाळ्यात गावाच्या बाजूनं जाळरेषा काढा, दहा-बारा हात रुंद, गवत खरवडून. आणि निम्मा डोंगर यंदा चराईला बंद, निम्मा उघडा, पुढच्या साली उलटं. सगळाच बंद केलात तर कुणी ऐकणार नाही. ग्रामसभेचा ठराव मात्र तिन्ही गावांचा घ्या.

धागाकर्ता:
भाऊ, वाटा आधी द्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. नवरात्रात तिन्ही गावची माणसं येरमाळ्याच्या येडाई देवीला येतातच, ठरावाचं तिथं बोलतो. कापणी मात्र तोवर थांबणार नाही, ती या आठवड्यातच धरतो. एकच राहिलं. माथ्यावर वारा फार आहे, वाळलेलं गवत वरच गंजी लावून टिकतं का, की खाली गावात आणावं?