रँडस्टॅडची घरटंचाई: दोष येणाऱ्यांचा की नियोजनाचा?

धागाकर्ता: नेदरलँड्समधल्या आम्सटरडॅम, रॉटरडॅम, द हेग आणि उत्रेख्त या शहरांच्या पट्ट्याला रँडस्टॅड म्हणतात. तिथल्या घरटंचाईचे खापर सरसकट स्थलांतरितांवर फोडले जाते, ते मला मान्य नाही. १९५९च्या सुमारास आम्सटरडॅममध्ये ८ लाख ७० हजारांच्या आसपास माणसे राहत होती. १९८५ पर्यंत ती पावणेसात लाखांवर आली, कारण मुलाबाळांची कुटुंबे जवळच्या पुर्मरेंडला आणि पाणी हटवून वसवलेल्या आल्मेरेला गेली, आणि हे सरकारी धोरणानेच घडले. १९७५ मध्ये दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरिनाम स्वतंत्र झाली, तेव्हा तिथून आलेले हजारो लोक याच ओसरत्या शहरांत सामावले. द हेगमध्ये आजही सुरिनामहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची भोजपुरी-अवधी वळणाची सरनामी भाषा कानावर पडते. आता आम्सटरडॅम नऊ लाखांच्या पुढे गेले आहे, पण तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत एकच माणूस राहतो. तेवढ्याच माणसांना पूर्वीपेक्षा जास्त घरे लागतात, हे कोणी लक्षातच घेत नाही.

प्रतिसाद १: हिशेब अर्धाच मांडलात. २०२२ पासून देशात जन्मांपेक्षा मृत्यू अधिक आहेत, म्हणजे होणारी सगळी वाढ बाहेरून येणाऱ्यांची आहे. मी स्वतः आम्सटरडॅमलगतच्या आम्स्टलवेनमध्ये राहतो. आपल्याकडून आलेल्या आयटीवाल्यांपैकी अनेकांना करात सवलत मिळते, त्यामुळे भाडे परवडते. मी घर पाहायला गेलो तेव्हा जिन्यापर्यंत रांग होती आणि माझ्या पुढे एक डच शिक्षिका पगाराची पावती हातात धरून उभी होती. घर मला मिळाले. त्या बाईंना काय उत्तर द्यायचे?

धागाकर्ता: घरे बांधली का गेली नाहीत, हेच उत्तर द्यावे लागेल. २०१९ मध्ये नायट्रोजन उत्सर्जनाबाबतचा न्यायनिर्णय आला आणि हे उत्सर्जन वाढवणाऱ्या कित्येक बांधकामांचे परवाने अडकले. लोकसंख्येविषयीच्या शासकीय आयोगाने २०२४ मध्ये २०५० पर्यंत १.९ ते २ कोटींपर्यंतची मध्यम वाढ सुचवली, वाढ थांबवायला सांगितलेले नाही, कारण म्हाताऱ्यांची संख्या वाढत असताना काम करणारे हातही लागणारच.

प्रतिसाद २: हात कुठे लागतात, हे आधी ठरवा. द हेगजवळच्या वेस्टलंडच्या काचघरांत टोमॅटो तोडायला पोलंड-बल्गेरियाहून माणसे आणायची, नफा मालकाने घ्यायचा आणि त्यांच्या निवाऱ्याचा भार गावाने उचलायचा, हे मला पटत नाही. मालकांनी आधी कामगारांसाठी राहण्याजोगी घरे उभी करावीत. ती उभी राहीपर्यंत नवी माणसे आणू नयेत.