मदत हवी आहे: लँड क्रूझर ८० मध्ये इंजिन बदलावं का?

मंडळी, टोयोटा लँड क्रूझरची ६० सिरीज घ्यावी का ८० हा घोळ एकदाचा मिटला, ६० ला पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग) त्यामुळे हाडं खिळखिळी, ८० ला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आणि तरी दोन्ही ॲक्सल सॉलिडच. पण बघितलेल्या गाडीत साधं १एचझेड डिझेल आहे, टर्बो नाही, इंजिन दणकट पण चढावर जीव जातो. नुसता टर्बो टाकला तर ते इनडायरेक्ट इंजेक्शनवालं (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं), सिलिंडर हेडला क्रॅक जायची भीती, मग सरळ टोयोटाचंच टर्बो डिझेल १एचडी-टी बसवू का? त्याचे बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे) जातात हे माहितीये, ते बदलूनच बसवेन. जुना क्लच, गिअरबॉक्स वाढलेला टॉर्क झेपवतील का? की १९९५ नंतरच्या २४ व्हॉल्व्हवाल्या १एचडी-एफटीसाठी थांबू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, इंजिन माउंट आणि एक्झॉस्टमध्ये नेमकं कुठे अडतं?