सीएसएमटीचा घुमट प्रवाशांच्या वाटेवर का नाही?

प्रश्न
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत रस्त्यावरून पाहताना मधला घुमट हाच तिचा केंद्रबिंदू वाटतो. परंतु लोकल पकडणारा प्रवासी त्याखालून कधीच जात नाही. जुने तिकीटघर उत्तरेकडील भागात आहे आणि फलाट त्याच्याही पलीकडे. सर्वांत भव्य भाग प्रवाशांपासून दूर ठेवण्यामागे काय हेतू असावा?

प्रतिसाद १
आपण जिला स्थानक समजतो ती इमारत प्रामुख्याने जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची कचेरी म्हणून बांधली गेली, हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. १८५३ मध्ये ठाण्याला पहिली गाडी सुटली ती याच परिसरातील बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून. पुढे कंपनीचा पसारा वाढला आणि तिला आपल्या वैभवाला साजेसे मुख्यालय हवे झाले. १८७८ मध्ये सुरू झालेले हे काम वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी सुमारे दहा वर्षांत तडीस नेले. इंग्रजी सी अक्षरासारख्या आराखड्यात दोन बाजूंना पुढे आलेली दालने, त्यांच्यामध्ये रस्त्याकडे उघडणारे अंगण आणि मध्यभागी अष्टकोनी घुमट अशी ही मांडणी आहे. त्या घुमटाखाली कचेऱ्यांकडे जाणारा जिना आहे, ज्याच्या दगडी पायऱ्या भिंतीतूनच पुढे काढलेल्या आहेत. थोडक्यात, मानाची जागा कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळाली. शिखरावरील स्त्रीमूर्तीही ‘प्रगती’ची आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी चाक, कंपनीला स्वतःविषयी काय सांगायचे होते, ते याहून स्पष्ट कसे सांगणार?

प्रतिसाद २
वरील मत बव्हंशी पटते, तथापि प्रवाशांना अगदीच वाऱ्यावर सोडले होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिकीटघराच्या दालनाला ‘स्टार चेंबर’ हे नाव पडले ते त्याच्या छतावरून, कारण निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तारे रंगवून ते सजवले होते. शिवाय दर्शनी भाग आणि फलाटांवरील छप्पर वेगवेगळे राखण्याची ही पद्धत लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातही दिसते. तेथे पुढे वास्तुविशारद स्कॉट यांचे हॉटेल आणि मागे अभियंता बार्लो यांचे लोखंडी छत आहे. मुंबईत हॉटेलच्या जागी कचेरी आली, एवढाच फरक.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. दर्शनी भागावरील कोरीव प्राणी, पक्षी आणि पाने हीदेखील इंग्लंडमधूनच आणली होती का?

प्रतिसाद १
नाही. त्यांतील बरेचसे काम सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले, त्यामुळे गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीच्या, चौकटीत येथील झाडे आणि प्राणी सहज सामावले. फाटकाच्या खांबांवर मात्र सिंह आणि वाघ समोरासमोर बसवले आहेत. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. ही योजना विद्यार्थ्यांची नसावी, असे माझे मत आहे.