मदत हवी आहे: आजीच्या रोलसाठी कुणाला घेऊ?

नमस्कार मंडळी, ३५ मिनिटांची फिल्म करतोय, आजी आणि तिच्या ९ वर्षांच्या नातवाची. बजेट सगळं मिळून दीड लाख, ६ दिवस शूटिंग, नारायण पेठेतला एक जुना वाडा मिळालाय. कॅमेरा-लाइट्सचं भाडं नि जेवणखाण गेलं की फार उरत नाही, पण कुणालाही फुकट राबवायचं नाही हे पक्कं, थोडं का होईना मानधन देणारच.

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत मित्राच्या क्लासच्या खोलीत ऑडिशन ठेवली. ग्रुपवर नुसतं 'आजी हवी, वय साठच्या पुढे' एवढंच टाकलं, सीन आधी पाठवला नाही आणि सगळ्यांना एकदम ११ला बोलावलं, सत्तरीतल्या बायका दोन-दोन तास जिन्यात ताटकळल्या, त्याचं फार वाईट वाटतंय.

त्यात एक काकू आल्या, हौशी नाटकांत आयुष्य गेलेलं, पाठांतर चोख, पण आवाज भरत नाट्य मंदिरच्या शेवटच्या रांगेत पोचेल असा आणि माझा कॅमेरा चेहऱ्यापासून दोन हातांवर. हळू बोला म्हटलं की आवाज उतरतो, भुवया मात्र तेवढ्याच बोलतात.

दुसऱ्या आजी ऑडिशनला आल्याच नव्हत्या, शेजारणीच्या सोबतीला आलेल्या. मांडीवरच्या पिशवीची उसवलेली शिवण बोटानं आत सारत बसल्या होत्या, परत परत, आणि मध्येच मला म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लंस का रे?" तेव्हा कॅमेरा बंद होता याची अजून हळहळ वाटतेय. मग त्यांना दोन ओळी वाचायला दिल्या तर एकेक अक्षर लावत वाचलं, घाबरूनच गेल्या बिचाऱ्या.

६ दिवस, रीटेक, कंटिन्युइटी (म्हणजे दर शॉटला हालचाली, कपडे आधीसारखेच ठेवणं) हे त्यांना झेपेल का? आणि ते न घाबरवता तपासायचं कसं?

प्रतिसाद:
वाचायला देऊच नका. मेथीची जुडी द्या निवडायला, पोराला शेजारी बसवा, प्रसंग सांगा, शब्द त्यांचे त्यांना येऊ देत. फोन स्टँडवर लावून तुम्ही जरा लांब थांबा. १० मिनिटांनी तोच प्रसंग परत करायला सांगा, दुसऱ्यांदाही तेवढाच खरा वाटला तर बिनधास्त घ्या. हेच काकूंबरोबरही करा हं, त्यांना आजवर इतक्या जवळून कुणी बघितलेलंच नसेल. मोठ्या स्टेजची सवय मोडायला वेळ लागतो पण मोडते.
आणि पोराचं बघितलंत का? बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, आणि मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. आजीचे एकटीचे सीन त्याच्या सुट्टीच्या वेळात लावा.

धागाकर्ता:
परवानगीचं खरंच डोक्यात नव्हतं, उद्याच चौकशी करतो. दोघींना वेगवेगळ्या वेळी बोलावतोय, एकीला १० आणि एकीला ४, आणि येताना मंडईतून मेथी घेतो.