सगळं देवाच्या संकल्पाने घडतं, तर बोगस बियाण्याचा दोष कोणाचा?

वावरकाठ (यवतमाळ जिल्हा)
जय ख्रिस्त. बुधवारच्या घरसभेत बायबलमधल्या ईयोबाचा पहिला अध्याय घ्यायचा आहे, ज्यात त्या देवभीरू माणसाचं एका दिवसात सगळं लुटलं जातं. गावात दोन घाव ताजे आहेत: गारपिटीनं झोपलेला गहू आणि खरिपात न उगवलेलं सोयाबीन. "देवानं होऊ दिलं" म्हणावं की "देवानं ठरवलं"? दुसरं म्हटलं की लोक लगेच विचारतात, मग बियाणं विकणाऱ्याचा काय दोष?

जुनी वही
"होऊ दिलं" एवढ्यावर कॅल्व्हिन (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक) थांबत नाही. 'इन्स्टिट्यूट्स' या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या (अखेरची आवृत्ती 1559) पहिल्या भागातल्या 18व्या अध्यायात तो नुसत्या परवानगीची पळवाट साफ नाकारतो.

फळ्यावर तीन नावं लिहा: खास्दी (ईयोबाचे उंट लुटणारी टोळी), सैतान, देव. उंट तेच, दिवस तोच. प्रत्येकापुढे "कशासाठी?" लिहा. खास्द्यांना लूट हवी, सैतानाला ईयोबाचा विश्वास मोडायचा, देवाला आपल्या सेवकाचा कस लावायचा. कॅल्व्हिनही दुसऱ्या भागाच्या चौथ्या अध्यायात हीच घटना अशीच उलगडतो. "साठ टक्के माणूस, चाळीस टक्के देव" अशी वाटणी कोणी सुरू केली की तिथंच थांबवा. त्यानं देव लहान होतो आणि चोर अर्धा सुटतो.

विक्रेत्यासाठी प्रेषितांची कृत्ये 2:23 घ्या. येशूला धरून देणं देवाच्या ठाम संकल्पानुसार होतं आणि मारणारे हात अधर्म्यांचे होते, दोन्ही एकाच वचनात. कॅल्व्हिनची उपमाही द्या: मढं उन्हानं कुजतं, पण घाण वास किरणांना येतो असं कोणी म्हणत नाही. वावराच्या धुऱ्यावर मेलेलं जनावर पाहिलेल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. नासकेपणा मढ्यातलाच, तशी लबाडी विकणाऱ्याच्या मनातलीच.

नदीपल्याडची ताई
फळ्याचं बरोबर आहे, पण भाऊ, ज्याचं पीक गेलं त्याच्या ओट्यावर फळा नेऊ नका. तिथं आधी बसा. "कोणतं पाप केलं असेल" ही कुजबुज सुरू झाली तर लूक 13 उघडा: शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले, ते इतरांहून जास्त अपराधी होते का? येशू स्वतः "नाही" म्हणतो.

दुसरा घोळ जास्त नडतो. आपल्याकडे "संकल्प" म्हटलं की कानाला "नशीब" ऐकू येतं, आणि माणूस हात बांधून बसतो. वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीचा (कॅल्व्हिनच्याच परंपरेतला सतराव्या शतकातला विश्वासाचा जाहीरनामा) तिसरा अध्याय नेमका उलट बोलतो: देवाच्या संकल्पानं दुय्यम कारणं, म्हणजे माणसाची करणी आणि साधनं, रद्द होत नाहीत, पक्की होतात. म्हणून सभेतच सांगा: पीकविमा असेल तर त्यात गारपिटीचं नुकसान धरलं आहे का ते पाहा, आणि धरलं असेल तर मुदतीत सूचना द्या. बियाण्याची पावती, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि उरलेलं मूठभर बी जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ज्यानं आयुष्याची मर्यादा ठरवली त्यानंच ते जपण्याची साधनंही हाती दिली, हे कॅल्व्हिनचंच म्हणणं आहे (पहिला भाग, अध्याय 17). तक्रार करणं हा अविश्वास नव्हे.

कोरडवाहू
एक गाठ मात्र उरतेच, ती लपवू नका. खास्द्यांचा हेतू आधीच दुष्ट होता. पण पहिला माणूस आदाम तर चांगला घडवलेला, तो पापात का पडला? कॅल्व्हिन म्हणतो, देवाच्या तजविजीप्रमाणे माणूस पडतो, तरी पडतो तो स्वतःच्या दोषानं (तिसरा भाग, अध्याय 23). याच्यापुढे तो खोदत नाही. कोणी विचारलं तर इथवर सांगा आणि थांबा. कोणाला तारायचं या निवडीचा देवाचा संकल्प आदामाच्या पतनाच्या आधीचा की नंतरचा, हा वाद बुधवारी नको.

वावरकाठ
ताई, कोरडवाहू भाऊ, पटलं. सुरुवात हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीच्या (विश्वास शिकवणारी जुनी प्रश्नोत्तरं, 1563) 27व्या प्रश्नानं करतो. त्यात पाऊस आणि अवर्षण, सुपीक आणि नापिकीची वर्षं यांची नावंच घेतली आहेत.

नदीपल्याडची ताई
मग 28वा सोडू नका. 27 सांगतो की हे सगळं बापाच्या हातून येतं. त्या हाताखाली संकटात धीर कसा धरायचा, ते 28मध्ये आहे. घरसभेला येणारे तेच ऐकायला येतील.